थोरलीची गळती

आमच्या घरात मी एकुलती एक, तरी बाबा मला हाक मारायचे ‘धाकटी’ म्हणून. थोरली खाली कंपाउंडमध्ये उभी असायची. काळी, साडेतीनशे सीसीची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली, आईबाबांच्या लग्नाच्याही आधीची मोटरसायकल. बाबांनी ती कंपनीतल्या एका रिटायर होणाऱ्या सुपरवायझरकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती, आणि माझ्या आठवणीत ती तेल न गाळता कधी उभी राहिली नाही. शाळेत बाईंनी विचारलं, ‘भावंडं किती?’ की मी सांगायचे, ‘एक मोठी बहीण आहे, ती तेल गाळते.’ बाई पुढचा प्रश्न विचारायच्या नाहीत.

आई तिला थोरली म्हणायची नाही. सवत म्हणायची, आणि तेही गमतीने नाही. भांडण पहिल्या दिवसापासूनचं. लग्न गावी झालं, दोघं एसटीने मुंबईला आली, आणि बाबांनी नव्या नवरीला स्टँडवरून मरोळला आणलं ते थोरलीवर बसवून. माप ओलांडायला आईने दारात पाय उचलला, तर शालूच्या काठाला हातभर काळा डाग. तो रॉकेलने गेला नाही, लिंबाने गेला नाही, लाँड्रीवाल्याने हात जोडले. दर दिवाळीच्या साफसफाईत शालू कपाटातून निघायचा आणि आई तो बाबांच्या डोळ्यांसमोर उलगडून धरायची. बाबा चष्मा सारखा करून डाग नीट बघायचे आणि म्हणायचे, “अगं, तेव्हा टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं होतं.” एवढं सांगितलं की बायकोचं समाधान होईल असं त्यांना मनापासून वाटायचं. नवरा या प्राण्याबद्दलचा माझा पहिला अभ्यास तिथेच झाला.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर खाली थोरली. सकाळी बाबा कंपनीत निघाले की आधी किकचे आवाज, मग थोरलीचा खोकला, मग एकदाची ती धडधडायला लागली की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या आणि समोरच्या फ्लॅटमधलं बाळ उठायचं. संध्याकाळी उलटं. कोपऱ्यावरच्या सिग्नलला तिची धडधड ऐकू आली की आई तवा गॅसवर चढवायची. बाबा जिना चढून वर येईपर्यंत बांगड्याची एक बाजू लाल झालेली असायची. मी एकदा विचारलं, “आई, एवढ्या रिक्षा, टेम्पो, बसगाड्या, त्यात तुला हिचाच आवाज कसा गं कळतो?” ती बांगडा उलटत म्हणाली, “दुश्मनाचो आवाज आधी वळखूक व्हयो.” आई सगळ्यांशी मालवणीतच बोलायची. मुंबईने तिच्याशी जुळवून घ्यावं अशी तिची अपेक्षा होती, आणि मुंबईने बऱ्यापैकी घेतलंही.

बाबा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कंपनीत स्टोअरकीपर होते. आता ऐका गंमत. ती कंपनी काय बनवायची? इंजिनांची पॅकिंग. म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मध्ये बसवायचे ते कागदाचे, रबराचे, कॉर्कचे पातळ तुकडे, ज्यांच्यामुळे तेल बाहेर येत नाही. असल्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यात माझ्या बापाचं अख्खं आयुष्य गेलं आणि त्यातला नखाएवढा तुकडासुद्धा त्यांनी कधी घरी आणला नाही. “कंपनीचा माल कंपनीत,” हा त्यांचा एकमेव धर्म. विकत घ्यायचं म्हटलं तर थोरलीच्या मापाचं पॅकिंग बाजारातून केव्हाच गायब झालेलं. मग ते स्वतः कापायचे. कशातून? लग्नपत्रिकांमधून. जाड, गुळगुळीत, चांगल्या घरची पत्रिका आली की बाबा आधी ती दोन बोटांत धरून जाडी बघायचे, वधूवरांची नावं नंतर. तळमजल्यावरच्या पाटकर वहिनींच्या मुलीच्या पत्रिकेचं झकास पॅकिंग झालं होतं. फक्त सोनेरी ‘शुभविवाह’मधला ‘वाह’ कडेने बाहेर राहिला, आणि तो नेमका पाटकर वहिनींनीच वाचला.

हे सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं असतं. पण सोसायटीने कंपाउंडला पेव्हर ब्लॉक बसवले. लाल आणि राखाडी, एकाआड एक. सगळ्यांनी वर्गणी काढली होती, आणि चेअरमन कांबळेकाकांनी उन्हात उभं राहून एकेक ब्लॉक आपल्या नजरेखाली बसवून घेतला होता. कांबळेकाका आमच्या समोरच्या दाराचे. मूळचे सोलापूरकडचे. ट्रॉम्बेला प्रयोगशाळेत नोकरी. तिथे नेमकं काय करतात ते त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला आपोआप वजन यायचं. त्यांच्याकडची शेंगदाण्याची चटणी आमच्याकडे आणि आमच्याकडची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, एकशिपी त्यांच्याकडे, हा व्यवहार रोजचा. बाबांचे ते जिवलग मित्र, एकमेकांना अरेतुरे करणारे. आणि त्यांच्याच ब्लॉकवर, पहिल्याच आठवड्यात, थोरलीने परातीएवढा काळा डाग पाडला.

मीटिंगमध्ये पाटकर वहिनी एक पापड घेऊन आल्या. उडदाचा, खाली कंपाउंडमध्ये वाळायला घातलेला, मधोमध काळा ठिपका. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि काही न बोलता बसल्या. खून झालेल्या माणसाचा सदरा कोर्टात ठेवतात ना, अगदी तसा. कांबळेकाकांनी पापडाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि चेअरमनच्या आवाजात म्हणाले, “पुढच्या मीटिंगपर्यंत मुदत. त्या रविवारी सकाळी मी स्वतः खाली येऊन बघणार. ब्लॉकवर ताजं तेल दिसलं तर गाडी कंपाउंडबाहेर. मित्र म्हणून मी तुझ्या बाजूने आहे, पण चेअरमन म्हणून नाही.” बाहेर म्हणजे कुठे? बाहेर मरोळचा रस्ता, रात्रंदिवस ट्रक. तिथे उभी केलेली जुनी गाडी एक तर चेपली जाते नाही तर उचलली जाते. बाहेर म्हणजे भंगार, हे सगळ्यांना कळत होतं, बाबांना सगळ्यात आधी.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. खिडकीत उभे राहून खाली बघत राहिले. आई ताट झाकून ठेवत म्हणाली, “बरा झाला. एकदाची जाऊंदे ती भंगारात.” मला तिचा असा राग आला! मी तिला म्हटलंही, “आई, तुला जरा काही वाटत नाही का गं?”  थोड्या वेळाने ती कांबळ्यांकडे फोन करायला गेली, कारण आमच्या फोनवर बोलली असती तर बाबांना ऐकू गेलं असतं. मला वाटलं, माहेरी आनंदाची बातमी कळवत असेल.

पुढच्याच रविवारी वाकोल्याहून नानामामा हजर. नानामामा आईचा थोरला भाऊ आणि सगळ्या वाकोल्यात गाऱ्हाणं घालायला त्याच्यासारखा गळा नाही. आमच्याकडे कोकणात काहीही अडलं की जागेच्या देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने गाऱ्हाणं घालतात. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. नानामामाने माझ्या बारावीच्या निकालासाठी गाऱ्हाणं घातलं होतं, केबलवर मॅच दिसावी म्हणूनही घातलं होतं. खाली आल्या आल्या त्याने थोरलीभोवती एक फेरी मारली, ब्लॉकवर टाच आपटून बघितली आणि निदान केलं. बिल्डिंग व्हायच्या आधी इथे विहीर होती, ती बुजवली. म्हणजे जागेवाला, जागेचा राखणदार, इथेच खाली बसलेला. आता त्याच्या डोक्यावर ब्लॉक बसवले आणि त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

बाबांनी नारळ ठेवला. अर्धी बिल्डिंग जमली होती, रविवार होता, लोकांना काय. कांबळेकाका हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले आणि आधीच म्हणाले, “मी जयभीमवाला माणूस, नाना. मी काही ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार नाही. पण शेजारी आहे, उभा राहतो.” नानामामा म्हणाला, “उभे रवलात, ताच मोठा.” आणि त्याने आवाज लावला.

“बा जागेवाल्या, राखणदारा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे नारळ ठेवन उभी आसत, तो तू मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या माझ्या भावोजींची जी काय फटफटी आसा, तिच्या पोटातला त्याल जा काय भायर पडता हा, ता बंद कर. कोणी नजर लावल्यान असात, कोणी काय वाकडा बोलला असात, ता तुझ्या पायाखाली घे. आणि ह्या पाटकर वयनींचे जे काय पापड नासले, तेंची भरपाई तूच कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावेळी सगळ्यात मोठा आवाज पाटकर वहिनींचा. नारळ फुटला, खोबरं वाटलं, कांबळेकाकांनीही आपला तुकडा घेतला. निघताना नानामामाने आईला जिन्याखाली बाजूला घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आईने मान डोलावली. मी समजले, जेवायला सुरमई आहे की पापलेट एवढंच ते असणार. नानामामाच्या डोक्यात देवाच्या खालोखाल मासेच असायचे.

दुसऱ्या दिवशी कांबळेकाका म्हणाले, “तुमचं झालं ना? आता माझं.” त्यांची पद्धत साधी होती. इंजिन रॉकेलने घासून कोरडं करायचं, वर टाल्कम पावडर मारायची, गाडी फिरवून आणायची आणि बघायचं, पांढऱ्यावर काळं पहिल्यांदा कुठे उमटतं ते. “तेल दिसतं खाली, पण निघतं वरून,” ते बाबांना समजावत होते. “वारा त्याला मागे ढकलतो, ते ओघळत खाली जातं. खालचा डाग बघत बसलास तर जन्मभर बघत बसशील. वर बघ.” तेव्हापासून ‘वर बघ’ हा आमचा मंत्र झाला. खाली गाडीच्या पोटाशी मिठाईच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला आणि आम्ही सगळे मान ताठ करून वर बघायला लागलो.

रेशनचं रॉकेल गेलं. माझा दात घासायचा ब्रश गेला. पावडर माझी, मोगऱ्याच्या वासाची, वाढदिवसाला मिळालेली. बाबा पफने इंजिनला पावडर लावत होते, हळुवार, कानामागे लावावी तशी टॅपेट कव्हरच्या मागेही. आई खिडकीतून बघत होती. वरून आवाज आला, “माझ्या लग्नात माका इतकी पावडर नाय लावल्यानी!” सगळं कंपाउंड हसलं. बाबा लाजले, पण पफ थांबला नाही. मग मी मागे बसले, आमची वरात निघाली. पांढरीफेक थोरली, मोगऱ्याचा घमघमाट, आणि त्या घमघमाटात जळक्या तेलाचा वास. सिग्नलला एक रिक्षावाला बाबांना म्हणाला, “अंकल, शादी है क्या?” बाबा गंभीरपणे म्हणाले, “नहीं, टेस्टिंग है.”

पहिली गळती टॅपेट कव्हरलाच, इंजिनच्या कडेच्या त्या झाकणालाच, सापडली, ‘वाह’च्या खाली. पावडरवर काळी बारीक रेघ उमटली तेव्हा बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी मला मिठी मारली. जुनी पत्रिका निघाली, नवी बसली. यावेळी आमच्याच नात्यातली होती आणि अक्षरं आतल्या बाजूला ठेवली. पुन्हा आंघोळ, पुन्हा पावडर. दुसरी गळती डावीकडच्या चेन कव्हरला. तिथल्या स्क्रूखालचा वॉशर बाबांनी बदलला, पण घट्ट करताना असा जोर लावला की पाना निसटून त्यांच्या हनुवटीला लागला. दोन दिवस ते कंपनीत पट्टी लावून गेले आणि तिथे ‘दाढी करताना’ असं सांगितलं. तिसरीने फार छळलं. इंजिनचा श्वास बाहेर सोडणारी एक रबरी नळी असते, ती आतून चिरली होती. तेल मागच्या चाकापर्यंत उडायचं आणि आम्ही चाकाला दोष देत होतो. नळी बदलली. मी आजही कुठल्याही गाडीखाली डाग दिसला की आधी वर बघते. लोक समजतात बाई आकाशाकडे बघतायत.

या सगळ्यात घरात वेगळंच एक भांडण सुरू झालं होतं. आजोळहून वर्षाला एक मोठी बाटली खोबरेल यायचं, गावच्या घाण्यावरचं. उघडलं की खोलीभर ताज्या खोबऱ्याचा वास. ते फक्त देवाच्या दिव्याला आणि रविवारी केसांना. आणि ती बाटली भराभर खाली चालली होती. मी काही विचारायच्या आत आईच ओरडली, “तुझ्या केसांका किती त्याल लागता गो? बाटली सरत इली!” मी म्हटलं, “मी हात पण नाही लावला!” तर म्हणाली, “मगे तुझो बापूस लावता? तेका केस खय आसत?” मी वैतागून त्या आठवड्यात कोरड्या केसांनीच कॉलेजला गेले. पण बाटली उतरतच राहिली.

मग तो दिवस आला. बाबांनी थोरलीला पावडर लावली, मला मागे घेऊन थेट वाकोल्यापर्यंत नेली, नानामामाकडे चहा घेतला, परत आणली. कांबळेकाका चष्मा लावून, बॅटरी घेऊन इंजिनाच्या प्रत्येक फटीत डोकावले. पांढरं. सगळीकडे पांढरं. इंजिनवर तेलाचा टिपूस नाही. दोघं मित्र एकमेकांकडे बघून शाळेतल्या पोरांसारखे हसले. आईने त्या संध्याकाळी वडे-सागोती केली, कोणी सांगितलेलं नसताना, आणि वर म्हणाली, “कोंबडी स्वस्त होती म्हणान.” बाबांनी मागून मागून वाढून घेतलं.

सकाळी बाबा आंघोळ करून खाली गेले आणि लगेच वर आले. चेहरा पडलेला. पुठ्ठा भिजला होता. इंजिन अजून पांढरंफेक, आणि खाली पुठ्ठ्यावर तेल उमटलेलं. नवा पुठ्ठा टाकला. दुसऱ्या सकाळी तोही भिजला. तिसऱ्या सकाळी तेच. कांबळेकाकांनी पुन्हा बॅटरी मारली, पुन्हा वर बघितलं, आणि शेवटी जिन्याच्या पायरीवर बसले. ट्रॉम्बेत इतकी वर्षं घालवलेला माणूस मला हळूच विचारतो, “काय गं, ती विहीर... खरंच होती का इथे?” मी म्हटलं, “काका, तुम्ही पण?” बाबांनी मात्र वेगळा निष्कर्ष काढला. पॅकिंग कोरडं, स्क्रू कोरडे, नळी कोरडी. म्हणजे इंजिनच्या पोटालाच, जिथे पावडर पोचत नाही तिथे, तडा गेला असणार. आणि त्याला इलाज नाही. ते पोट आता कुठे मिळत नव्हतं आणि त्याचं पॅकिंग कुठल्या पत्रिकेतून कापता येत नव्हतं.

शनिवारी बाबांनी स्वतःच भंगारवाल्याला सांगून ठेवलं. मीटिंगने बाहेर काढण्याआधी आपणच काढलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. चेअरमनला मित्राविरुद्ध निर्णय द्यायची वेळ येऊ नये, हेही त्यात होतं; ते बोलले नाहीत, पण मला कळलं. मला खूप रडू आलं. आयुष्यभर मी त्या गाडीवर जळले होते, तिच्यापायी माझी सहल चुकली होती, माझे फ्रॉक खराब झाले होते, आणि आता ती जाणार तर मी ताटावरून तशीच उठले. आई त्या दिवशी बाबांना एक शब्द टोचून बोलली नाही. तेच जास्त भीतीदायक होतं.

रविवारी सकाळी सगळे खाली. कांबळेकाका, पाटकर वहिनी, बाकी मंडळी, आणि गेटशी हातगाडी घेऊन भंगारवाला. बाबा थोरलीची टाकी फडक्याने पुसत होते. जाणाऱ्या मुलीचा चेहरा पुसावा तशी. कांबळेकाकांनी पुठ्ठ्याकडे नजर टाकली, तो भिजलेला होता, आणि त्यांनी तोंड फिरवलं.  भंगारवाल्याला गाडी ओढायला जागा हवी म्हणून पुठ्ठा बाजूला करायला मी वाकले, उचलला, आणि हातावर सरसरून मुंग्या चढल्या.

मी पुठ्ठा उलटा केला. खालची बाजू तेलाने चिंब, वरची नुसती पाझरलेली. आणि त्याखाली, ब्लॉकच्या फटीतून, भिंतीकडून पुढच्या चाकाखालून येणारी मुंग्यांची शिस्तीत लागलेली रांग. इतके दिवस आम्ही सगळे शहाणे वर बघत होतो, खाली कोणी वाकलंच नव्हतं. मी बोट लावलं. काळं नव्हतं. वास घेतला. आणि माझ्यासमोर थेट आजोळची पडवी उभी राहिली.

“काका,” मी म्हटलं, “इंजिन ऑइलला मुंग्या लागतात?”

कांबळेकाका वाकले, बोट बुडवलं, नाकाशी नेलं. मग बोट माझ्या बाबांच्या नाकाशी धरलं. “हे खोबरेल आहे रे,” ते म्हणाले. “गाडीत कोणी खोबरेल घातलं?”

तेवढ्यात भंगारवाल्याने कंटाळून थोरलीच्या हँडलला हात घातला, आणि वरून खिडकीतून जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. “खबरदार हात लावलंस तर! हात मोडीन तुझो!” पाठोपाठ आई जिना उतरून आली, दोन्ही हात आंबोळीच्या पिठाने भरलेले. भंगारवाल्याला मालवणी येत नव्हतं, पण त्याने हँडल सोडलं.

“तू?” बाबा म्हणाले. “तू ओततेस हे तेल?”

“माका काय विचारतास? नानान सांगल्यान. रोज उजाडताना, कोणाशी न बोलता, जागेवाल्याक चमचोभर त्याल घाल, काम होयसर कोणाक सांगा नको.” आई रोज दुधाच्या पिशव्या आणायला खाली जायची, पदराखाली वाटी घेऊन. आता मला बाटली कळली, कानातली कुजबुज कळली, माझे कोरडे केस कळले.

“अगं आई,” मी ओरडले, “रोज तू तेल ओततेस, रोज तेलाचा डाग पडतोय, तुला कळलं कसं नाही?”

आईने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मूर्ख मीच. “माझा त्याल तो पिता गो! भिंतीकडच्या फटीत ओतला की खाली जिरता, मी बघलंय. डाग पडता तो सवतीचो!”

यावर पाटकर वहिनींनीसुद्धा मान डोलावली. तर्कात कुठे फट नव्हती. पण बाबा हसले नाहीत. ते फडकं हातात घेऊन तसेच उभे होते. म्हणाले, “पण तुला तर ती जायला हवी होती ना? इतकी वर्षं सांगतेस, भंगारात घाला म्हणून.”

आई पिठाचे हात झटकत राहिली. सगळी बिल्डिंग ऐकत होती आणि तिला ते मुळीच आवडत नव्हतं. शेवटी ती थोरलीकडे बघून, बाबांकडे न बघता, म्हणाली, “ती गेली तर मी भांडतलंय कोणाशी?”

बाबा रडले. उघड, कंपाउंडमध्ये, सगळ्यांसमोर, आणि डोळे पुसले ते त्याच तेलकट फडक्याने, त्यामुळे दिवसभर चष्म्याखाली दोन काळी अर्धवर्तुळं घेऊन फिरले. कांबळेकाकांनी घसा साफ केला आणि चेअरमनच्या आवाजात निर्णय दिला: गाडी कोरडी आहे, गाडी राहील. तेलाला सोसायटीची हरकत नाही, पण ब्लॉकवर नको, वाटीत ठेवावं. आई फणकारली, “जागेवालो काय मांजर आसा, वाटयेत पिऊक?” ते वाक्य आमच्या बिल्डिंगमध्ये नंतर कित्येक वर्षं चाललं, कोणी कुठलाही नियम काढला की समोरचा म्हणायचा, मांजर आसा काय. त्या दिवशीच्या आंबोळ्या भंगारवाल्यालाही मिळाल्या.

आता ती बिल्डिंग नाही. तिथे टॉवर उभा राहिला, आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं, आणि थोरलीला पार्किंगमध्ये एक जागा, वर नंबर रंगवलेला. पेव्हर ब्लॉक गेले, विहीर तर आणखीनच खाली गेली. कांबळेकाका सोलापूरला मुलाकडे असतात, फोनवर अजून विचारतात, “थोरली काय म्हणते?” बाबा गेले त्याला बराच काळ झाला. ते गेल्यावर थोरली कोणी चालवली नाही. मीच एका रविवारी तिचं सगळं तेल काढून टाकलं, इंजिन कोरडं केलं, वर कापड घातलं. आई लिफ्टच्या दारापर्यंत आली आणि तिथूनच म्हणाली, “झाली एकदाची शांत.”

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंग कमिटीच्या कोणा तरुण मेंबरचा मेसेज आला. सोबत फोटो. तुमच्या जुन्या बाइकमधून ऑइल लीकेज होत आहे, फरशी खराब होत आहे, कृपया ताबडतोब दुरुस्त करून घ्यावे. मला आधी रागच आला. ज्या गाडीत थेंबभर तेल नाही ती गाळणार काय? त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून मी तरातरा खाली गेले, कापड उचललं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आधी वर बघितलं. कोरडं ठणठणीत. मग गुडघे सांभाळत खाली वाकले. पुढच्या चाकाशी, भिंतीच्या कडेने, मुंग्यांची रांग लागली होती.

मी वर आले. आई खिडकीशी बसली होती, गुडघ्यांवर शाल, शेजारी खोबरेलाची बाटली. सकाळी मी उठायच्या आधी ही बाई लिफ्टने खाली जाऊन येते, हे मला माहीतच नव्हतं. मला तिच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं, पण रडले असते तर तिने विचारलं असतं, काय झाला गो, आणि मग दोघींनाही ते सांगावं लागलं असतं. ती म्हणाली, “खय गेललंस?” मी म्हटलं, “कुठे नाही, पार्किंगमध्ये.” ती बाटलीचं झाकण घट्ट करत म्हणाली, “तुझ्या केसांका त्याल लाव जरा. सगळे पांढरे झाले.”

मी फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं: बघून आले. गळती आमच्याच घरची आहे. दुरुस्त होणार नाही.